नेरेओचा जांभळा हिवाळा

आमच्या घरात जांभळा रंग येत नाही. हा नियम पापांनी मी लहान असतानाच घातला. राजधानीचा बेसबॉलचा संघ जांभळा आणि आमच्या बाराओना गावाचा संघ, पाणकोळी, हिरवा. त्या जांभळ्यांनी आमच्या तोंडचा घास इतक्यांदा पळवलाय की पापांनी वांगीसुद्धा सोडली. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात पाद्री जांभळा झगा घालून वेदीपाशी उभे राहिले की पापा डोळे मिटून मिस्सा ऐकतात.

"पापा, तो प्रायश्चित्ताचा रंग आहे," मी एकदा म्हटलं.

"मग बरोबरच आहे," ते म्हणाले. "त्या लोकांना प्रायश्चित्ताची गरजच आहे."

हिवाळी स्पर्धेत पहिल्या फेरीत जे संघ गळतात त्यांचे खेळाडू घरी बसत नाहीत. उरलेले संघ त्यांच्यातून हवे ते उचलून घेतात. रीतच आहे आमच्याकडची. उचललेल्याला नाही म्हणता येत नाही, म्हटलं तर पुढल्या हिवाळ्याला बंदी. त्या वर्षी पाणकोळी गळाले. नाताळ झाला, आणि दोनच दिवसांनी माझी कोमाद्रे फिदेलिना, जिच्या मुलीची मी धर्ममाता आहे, ती स्वयंपाकघराच्या दारातून धापा टाकत आत आली.

"कोमाद्रे, रेडिओ बंद कर! डॉन एवारिस्तोंच्या कानावर जायच्या आत बंद कर!"

"काय झालं गं?"

"नेरेओला उचललं. जांभळ्यांनी."

बाहेरच्या पडवीत पापांचा, म्हणजे डॉन एवारिस्तोंचा, स्वतःचा रेडिओ चालू होता हे आम्ही दोघीही विसरलो होतो. तो एकदम बंद झाला. नंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

नेरेओ माझा धाकटा भाऊ. डावखुरा. चाळिशीला टेकलेला. मिसरूड फुटायच्या आधीच त्याला उत्तरेला अमेरिकेत नेलं, आणि तेव्हापासून तो बदली पिचर आहे, उन्हाळ्यात तिकडे, हिवाळ्यात आमच्या पाणकोळ्यांकडे. सामना सुरू करतो तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, वेगळा, त्याचं नाव फलकावर लागतं. नेरेओ मैदानाच्या कडेला बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर बसतात त्या कुंपणाआडच्या बाकावर बसून राहतो. तिथे एक फोन असतो. तो वाजला की उठायचं, हात गरम करायचा. कधी बोलावणं येतं, कधी हात गरम करून पुन्हा बसावं लागतं. ते कुंपणाआडचे चेंडू कुठे लिहिले जात नाहीत, पण खांदा ते विसरत नाही. आणि बोलावणं येतं ते कधी, तर दुसऱ्या कुणीतरी सगळं सांडून ठेवलेलं असतं तेव्हा. पुसायला हा. नीट पुसलं तर जिंकल्याचं श्रेय पहिल्याला, नाही पुसलं तर शिव्या याला. एवढ्या वर्षांत कितीतरी गावं आणि कितीतरी बसगाड्या झाल्या. एक उन्हाळा अगदी मोठ्या संघात गेला, तोही अर्धवट. त्या उन्हाळ्यात पापांनी गल्लीत कुणालाही दुसऱ्या विषयावर बोलू दिलं नाही.

मी रोज पहाटे कॉफीचा घोट घेण्याआधी जपमाळ ओढते. तिच्यातली दहा मण्यांची एक दशकी नेरेओच्या खांद्यासाठी असते. माझ्याकडून तेवढंच. पापांकडून त्याला जायचं ते वेगळंच. आमच्याकडे मूल कितीही मोठं होवो, घरात पाऊल टाकताना, घरातून निघताना, फोनवरसुद्धा आधी म्हणायचं, "आशीर्वाद, पापा." आणि वडिलांनी म्हणायचं, "देव तुझं भलं करो." नेरेओ जगात कुठेही असला तरी सामन्याआधी फोन करायचा, हे दोन शब्द बोलायचा, ते चार शब्द ऐकायचा आणि फोन ठेवायचा. पापांच्या आशीर्वादाशिवाय तो कधी मैदानात उतरला नव्हता.

राजधानीत नाव नोंदवून तो रविवारी घरी आला. अंगात नवं जांभळं जाकीट होतं. फाटकापाशी थांबला, पडवीत बसलेल्या पापांकडे पाहिलं, जाकीट काढलं आणि फाटकाच्या खांबाला अडकवून नुसत्या बनियनवर आत आला.

"आशीर्वाद, पापा."

पापा तुरीच्या शेंगा सोलत होते. दाणे टोपलीत पडत राहिले.

"आशीर्वाद, पापा," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही.

पापांनी एक शेंग उचलली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "ओब्दुलिया, या वर्षी तुरीला कीड फार आहे."

मला तर भीतीच वाटली. आमच्याकडे माणसं वैर करतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण मागितलेला आशीर्वाद कुणी अडवत नाही. देवाची वस्तू ती.

नेरेओ स्वयंपाकघरात येऊन बसला. मी उकडलेली कच्ची केळी कुस्करून, वर कांदा घालून ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"जाऊ नकोस मग," मी म्हटलं. "दुखतंय म्हणून सांग. खोटंही नाही."

"दुली, हा माझा शेवटचा हिवाळा आहे," तो म्हणाला. "कुणाला बोललो नाही अजून. खांदा संपला. आणि एवढ्या वर्षांत अंतिम फेरी मी कधी आतून पाहिली नाही. एकदाही नाही. जांभळे तिथे जाणार. एकदा फोन वाजावा आणि त्या सामन्याला काही अर्थ असावा, एवढंच. मग मी सुखाने घरी येतो."

"मग हे पापांना सांग."

"सांगितलं तर दयेने देतील. तसला नको."

तो जेवला, निघाला, फाटकावरचं जाकीट खांद्यावर टाकलं. जाताना म्हणाला, "आशीर्वाद, पापा." पापांनी रेडिओचं बटण फिरवलं.

मी त्या संध्याकाळी पापांशी जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. म्हणजे फारसं नाही. त्यांच्या पायाला तेल लावता लावता म्हटलं, "पापा, आशीर्वाद तुमचा नसतो. देवाचा असतो. तुम्ही नुसती पन्हाळ."

"पन्हाळीलासुद्धा कळतं पाणी कुठे सोडायचं ते."

"तुमचा मुलगा आहे तो."

"मुलगा माझा आहे. टोपी त्यांची आहे. मी आशीर्वाद दिला आणि तो लागला त्या टोपीतून सगळ्या संघाला, तर? मग? उद्या ते जिंकले तर माझ्या तोंडाने जिंकतील!"

 पाद्रींना विचारलं, तर ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं.

जांभळे खरंच अंतिम फेरीत गेले, आपल्याच देशाच्या उत्तरेकडल्या संघाविरुद्ध. नेरेओ रोज फोन करायचा. मी फोन पापांच्या कानाला लावायचे, ते मान दुसरीकडे वळवायचे. त्या दिवसांत त्याला बोलावणं येत होतं, पण हात काही त्याचा वाटत नव्हता. चार चुकीचे चेंडू टाकून एकाला फुकट बेस देऊन टाकला, दुसऱ्याने चेंडू भिंतीपलीकडे मारला. रेडिओवरचा माणूस म्हणाला, म्हातारा झाला बाराओनाचा डावखुरा. पापा रेडिओला म्हणाले, "तुझा बाप म्हातारा." एवढंच.

अंतिम फेरीतल्या रविवारच्या दुपारच्या सामन्याचे दोन पास नेरेओने ठेवले होते. मी मिस्साहून आले आणि पापांना म्हटलं, "मी एकटी जाऊ का राजधानीला?"

"बाईमाणूस एकटी त्या चोरांत?" ते उठले. हिरवी टोपी घातली. "मी त्यांना हरताना पाहायला येतोय, एवढं ध्यानात ठेव."

आमच्या जागा अगदी बुलपेनच्या कुंपणाला लागून. सगळीकडे जांभळंच जांभळं आणि मध्ये पापांची एक हिरवी टोपी. बसलो नाही तोच मागून सुरू झालं.

"आजोबा, रस्ता चुकलात की काय? पाणकोळी तर डिसेंबरातच मासे धरायला गेले!"

"मासे तरी धरतात," पापा मागे न बघता म्हणाले. "तुम्ही तर दुसऱ्यांचे पिचर धरता."

माणसं हसली. एकाने त्यांना शेंगदाण्याची पुडी दिली. पापांनी घेतली, पण आभार मानले नाहीत.

नेरेओ कुंपणाआड बाकावर बसला होता. त्याने आम्हाला पाहिलं. फोन वाजला, तो उठला, हात गरम केला, बसला. पुन्हा वाजला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. पापा मैदानाकडे बघतच नव्हते. नेरेओच्या खांद्याकडे बघत होते. "कोपर खाली पडतंय," ते पुटपुटले. मी न ऐकल्यासारखं केलं.

उन्हं कलली. नऊपैकी आठवा डाव. जांभळे एका धावेने पुढे, उत्तरेचा एक फलंदाज बाद, आणि तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी. पुढचा फलंदाज डावखुरा, अंगाने रेड्यासारखा. मॅनेजर मैदानात चालत आला आणि त्याने आपल्या डाव्या दंडावर दोन बोटं आपटली. डाव्याला पाठवा.

बुलपेनचं फाटक उघडलं. तिथून आत जायची वाट आमच्या कठड्याखालूनच होती. बदली पिचर धावत जातात, थांबत नाहीत. नेरेओ थांबला. टोपी काढली.

"आशीर्वाद, पापा."

पापांनी पुडीत बोट घालून शेंगदाणा शोधला.

पंच हातवारे करायला लागला. मॅनेजर ओरडला. नेरेओ हलला नाही. मी मनातल्या मनात मारियामातेला हाक मारली. तेवढ्यात आमच्या मागच्या माणसाला उमगलं काय चाललंय ते.

"आजोबा, तुमचा पोरगा आहे होय? मग द्या की आशीर्वाद!"

"द्या आजोबा! तिन्ही बेस भरलेत!"

"कसला बाप म्हणायचा हा!"

पापांची मान लाल झाली, पण ओठ घट्ट. तेव्हा दोन रांगा मागे बसलेली एक धिप्पाड बाई उठली. डोक्याला जांभळं फडकं, हातात पंखा. ती कठड्याशी आली, वाकली आणि नेरेओला म्हणाली, "ये रे बाळा. हा म्हातारा देत नसेल तर मी देते. मला पाच पोरं आहेत, तू सहावा. देव तुझं—"

"ए बाई!" पापा ताडकन उठले. शेंगदाणे सगळे माझ्या ओच्यात. "तू कोण गं देणार? माझा मुलगा आहे तो! बाजूला हो!" आणि कठड्यावरून इतके वाकले की मला त्यांचा पट्टा धरावा लागला. "देव तुझं भलं करो, पोरा! देव तुझं भलं करो! आणि चेंडू खाली ठेव! खाली! कोपर वर, चेंडू खाली!"

"हो पापा," नेरेओ म्हणाला, टोपी घातली आणि धावत गेला.

मी डोळे मिटले नाहीत. पहिला चेंडू खाली. दुसरा उंच गेला आणि पापांनी माझा हात इतका आवळला की जपमाळेचे मणी तळव्यात रुतले. तिसरा फलंदाजाने मारला, जमिनीलगत, जोरात, थेट नेरेओच्या पायांकडे. त्याने वाकून उचलला, घरच्या बेसकडे फेकला, तिथे धावत येणारा बाद. तिथे उभ्या कॅचरने पहिल्या बेसकडे फेकला, तिकडे धावणारा फलंदाजही बाद. तिघं बाद, डाव संपला. धाव एकही नाही.

जांभळी माणसं पापांवर पडली. कुणी पाठ थोपटतंय, कुणी गालाचा मुका घेतंय. पापा ओरडत होते, "हात लावू नका मला! मी तुमचा नाही!" पण हसत होते. ती धिप्पाड बाई रडत होती. तिने पंख्याने पापांना वारा घातला आणि त्यांनी घालू दिला.

नवव्या डावात दुसरा पिचर आला, जांभळे जिंकले आणि सामना वाचवल्याचं श्रेय त्याच्याच नावावर गेलं.

जांभळे पुढच्या दोन्ही सामन्यांत हरले आणि अंतिम फेरी उत्तरेच्या संघाने जिंकली. शेवटच्या सामन्यात फोन वाजला होता, नेरेओने हात गरम केला होता, पण बोलावणं आलंच नाही. त्याचा शेवटचा चेंडू कुंपणाआड, कुणीही लिहून न ठेवलेला. पापांना मी विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं का हो?"

"का वाटावं?" ते म्हणाले. "मी पोराला आशीर्वाद दिला होता. संघाला नव्हे. देवाने नीट वेगळं करून घेतलं. उगाच काळजी केली मी."

नेरेओ आला तो गुरुवारी सकाळी. जाकीट राजधानीतच कुणाला तरी देऊन आला होता. पापांनी त्याला पुरतं मागूही दिलं नाही, आधीच आशीर्वाद देऊन टाकला. मग तो पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "पापा, मी सोडलं."

पापांची नजर अंगणाकडे गेली. नेरेओ अकरा-बारा वर्षांचा होता तेव्हापासून आमच्या घरात त्याच्या डाव्या हाताला कुणी काम सांगितलं नव्हतं. पाणी मी आणायचे, लाकडं पापा फोडायचे, आणि त्याने नुसती किटली डाव्या हाताने उचलली तरी आई, देव तिला शांती देवो, धावत यायची. अंगणात नळाखाली बादली भरून वाहत होती.

"नेरेओ," पापा म्हणाले, "ती बादली आत ने."

तो उठला, आणि सवयीने उजवा हात पुढे केला.

"तो नव्हे," पापा म्हणाले. "दुसरा."

नेरेओने बादली डाव्या हाताने उचलली. अर्धं पाणी पायावर सांडलं. आत येईपर्यंत तो हसत होता, आणि मी चुलीकडे तोंड करून कॉफी ओतत राहिले, कारण त्याचे डोळे मला बघायचे नव्हते.