बदलण्याआधी मला विचारा

चाचणीत क्षेपणास्त्र गणितापेक्षा सातशे मीटर अलीकडे पडलं आणि खापर तिच्या वडिलांच्या एका ओळीवर फुटलं.

उड्डाणाचं सिम्युलेशन करणारा मूळ प्रोग्राम त्यांनी याच प्रयोगशाळेत लिहिला होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, लेक त्यांच्याच खोलीत कामाला लागली. पण क्षेपणास्त्राच्या बुडाशी होणाऱ्या हवेच्या विरोधाचा आकडा कुणी बदलला नव्हता. प्रोग्राममध्येच त्या आकड्याच्या वरच्या ओळीत वडिलांनी लिहून ठेवलं होतं, ‘बदलण्याआधी मला विचारा.’ पुढे तारीख.

इंजिन जळत असतं तोवर हा विरोध कमी असतो. विझलं की वाढतो. वडिलांनी जळतानाचाच आकडा शेवटपर्यंत चालवला होता. इतकी ढोबळ चूक बाबा करतील, हे काही तिच्या गळी उतरेना. तीन दिवस ती वारा, वजन, पंखांचे कोन, सगळं तपासत बसली.

“विचारायला आता कुठे जाणार आहेस, बाई?” साहेब म्हणाले. “शुक्रवारी पुढची चाचणी. बदल आणि मोकळी हो.”

संध्याकाळी तिने आईला ती तारीख वाचून दाखवली. सदऱ्यावर इस्त्री फिरवणारा आईचा हात थांबला.

“त्याच दिवशी तुझं अपेंडिक्स. शाळेतून फोन आला तसे बाबा हातातलं टाकून धावले. पायात दोन वेगवेगळे बूट, एक दुसऱ्याच कुणाचा तरी. दवाखान्यात बसून एकच धोशा, ‘अर्धवट सोडून आलोय, कुणी खरं धरायला नको.’”

“मग नंतर पूर्ण का नाही केलं?”

“तू बरी झालीस, विसरले. मला बाजारात विसरून एकटा घरी आलेला माणूस तो.”

दोघी हसल्या. मग आईने तोच सदरा पुन्हा इस्त्रीला घेतला.

सकाळी तिने आकड्याचे दोन आकडे केले, एक जळतानाचा, एक विझल्यानंतरचा. पडद्यावरची रेघ हळूहळू वाकली आणि चाचणीत क्षेपणास्त्र पडलं त्या खुणेपासून वीस मीटरवर टेकली.

“झकास,” साहेब म्हणाले. “आता ती वरची ओळही काढून टाक. उगाच अडगळ.”

“राहू दे, सर.”

साहेब गेल्यावर ती ओळ तिने पुन्हा वाचली. तिला अजून बरंच काही विचारायचं होतं.