काकूंच्या वाटचा आवाज

“तुमच्या त्या डब्याला काहीतरी झालंय बघा,” काकूंचा मुलगा दारातूनच टीव्हीवाल्याला म्हणाला. “सकाळपासून चित्रच नाही. आईनं काहीतरी दाबलं असणार.”

“मी हातसुद्धा लावला नाही रे,” खिडकीजवळच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या.

“धूळ पुसताना लागला असेल.”

“लागला असेल बाबा,” काकूंनी मान्य करून टाकलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

टीव्हीवाला आत आला. गुडघे टेकून त्याने टीव्हीच्या मागे डोकं घातलं. सात महिन्यांपूर्वी हे सगळं त्यानेच जोडलं होतं. टीव्ही जुना, त्याला तार घालायला चालू जागा एकच, आणि घरात यंत्रं चार. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी कांडी, लग्नाच्या जुन्या तबकड्या वाजवणारा प्लेअर आणि नातीचा खेळांचा डबा. ज्याला जे हवं त्याने दुसऱ्याची तार उपटायची, यावरून घरात रोज धुसफूस. म्हणून त्याने मध्ये एक स्विच बसवला. चारही तारा स्विचमध्ये आणि तिथून एकच तार टीव्हीकडे. रिमोटवर एक, दोन, तीन, चार दाबा, की झालं.

स्विच आणि टीव्ही यांच्या मध्ये काडेपेटीएवढा आणखी एक डबा होता, एक्स्ट्रॅक्टर. चित्राबरोबर येणारा आवाज तो वेगळा काढून काकांच्या हेडफोनकडे पाठवायचा. काकांची एकतीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात गेली होती. त्या ठोकाठोकीत त्यांचे कान गेले. हेडफोन लावला की मात्र त्यांना शब्दन् शब्द कळायचा.

बिघाड काहीच नव्हता. भिंतीवरच्या बोर्डात स्विचच्या पिनेची जागा लॅपटॉपच्या चार्जरने घेतली होती.

“हा चार्जर कुणाचा?”

“माझा,” मुलगा म्हणाला. “अच्छा, असं होय! रात्री लावला होता खरा.” आणि कानातला इअरफोन नीट करत तो आपल्या खोलीत गेला. त्याचं ऑफिस घरूनच चालायचं. जाताना आईकडे त्याने पाहिलंदेखील नाही. काकूंनाही तशी काही अपेक्षा दिसली नाही.

चित्र आलं. काकांनी हेडफोन चढवला. समोर कसला तरी विनोदी कार्यक्रम लागला होता. काका मांडीवर थाप मारून खदाखदा हसले.

एक क्षण गेला आणि मग काकू हसल्या.

टीव्हीवाला तारा आवरत होता. काका पुन्हा हसले, काकू पुन्हा त्यांच्यामागून. काकूंचं तोंड खिडकीकडेच होतं. टीव्हीकडे होता तो त्यांचा उजवा कान. मान किंचित कललेली, जशी बंद दाराशी उभं राहून कुणी कानोसा घेतं तशी. खोलीत पंख्याच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता.

“काकू,” त्याने हळूच विचारलं, “कार्यक्रम कळतोय ना?”

“कळतो की. हे हसले की मी हसते.” त्या पटकन म्हणाल्या. आवाज मात्र असा, की हे बोलणं आतल्या खोलीत जाऊ नये.

पाणी घेऊन आलेल्या सुनेच्या पाठोपाठ तो रिकामा पेला द्यायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

“काकूंना डोळ्यांनी कितपत दिसतं हो ताई?”

“सावल्या दिसतात नुसत्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले त्यांनी, काज-बटणं सगळी हातानं. डोळे गेले त्यातच.” सून थांबली. मग तिने आवाज उतरवला. “पण आता डोळ्यांचं नाही हो, डोक्याचंच काहीतरी सुरू झालंय. आधी मालिकेतलं सगळं तोंडपाठ असायचं. कोण कुणाशी काय बोललं, कुणाच्या आवाजात खोट होती, सगळं मला ओट्याशी येऊन सांगायच्या. आता विचारलं, आज काय झालं, तर म्हणतात, आठवत नाही बाई. बोलणंच संपलंय. डॉक्टरांनी विसरण्यावरच्या गोळ्या दिल्यात. गोळ्यांनी दिवसभर पेंगतात. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय.”

“कधीपासून हे?”

“सहा-सात महिने झाले असतील.”

पेला त्याच्या हातातच राहिला. सुनेने तो काढून घेतला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

सात महिन्यांपूर्वी तारा जोडल्या त्या दिवशी काय घडलं होतं ते त्याला लख्ख आठवलं. एक्स्ट्रॅक्टरच्या कडेला तांदळाएवढी खिट्टी असते. अलीकडे ठेवली तर आवाज दोन्हीकडे जातो, टीव्हीलाही आणि हेडफोनलाही. पलीकडे सरकवली की फक्त हेडफोनला. मुलगा म्हणाला होता, “दादा, दिवसभर माझ्या मीटिंगा असतात. बाबांना ऐकू येऊ दे, पोरगी खेळताना तोच हेडफोन लावेल, पण घरात आवाज नको.” त्याने खिट्टी पलीकडे सरकवली आणि कुणाचा हात लागून ती हलू नये म्हणून वर काळी चिकटपट्टी लावली. ही त्याची नेहमीची पद्धत. एकदा बसवलं की परत बघायला लागत नाही, अशी त्याची ख्याती होती. या एका इमारतीतच अकरा घरं त्याच्याकडे होती.

काकू तेव्हाही याच खुर्चीत होत्या, याच खिडकीकडे तोंड करून. बाईंना टीव्हीत गोडी नाही, हे त्याने आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. तारा बसवून होत आल्या तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, “आवाज येईल ना हो?” त्याच्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता. तो म्हणाला होता, “येईल येईल, काकांना अगदी खणखणीत!”

काकांना, म्हणाला होता तो.

आता दोन पावलं टाकायची, चिकटपट्टी सोलायची आणि आतल्या खोलीचं दार वाजवून सांगायचं, इतकंच काम होतं. पण त्याने पिशवीची चेन लावली, “येतो ताई” म्हटलं आणि जिने उतरला. उतरताना स्वतःला समजावलं, की मुलानेच सांगितलं होतं, मी सांगितल्याप्रमाणे केलं. खालच्या पायरीपर्यंत हे समाधान पुरलं. फाटकापाशी संपलं.

दुपारी जेवायला बसला तेव्हा बायको थोडा वेळ बघत राहिली. “अहो, ताटात नुसती बोटं फिरवताय. बिघडलंय का काही?”

“नाही गं. एका घरचा आवाज बंद होता.”

“मग केलात ना चालू?”

त्याने मान खाली घातली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला त्याची ही मान ठाऊक होती. तिने वाढणं थांबवलं, हात पुसले आणि समोर बसली. थोडं थोडं करत त्याने सगळं सांगितलं. त्या गोळ्यांचंही.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती मऊ बोलायची, आणि तेच जास्त लागायचं. “मी रोज देवापुढे बसते ना,” ती म्हणाली, “तेव्हा काही मागत नाही. एवढंच विचारते, आज माझ्या हातून कुणाचं काही हिरावलं गेलं का. कधी उत्तर येतं, कधी नाही. तुम्हाला न विचारता आलंय. त्याला पाठ दाखवू नका.”

“मुलगा इमारतभर सांगेल. अकरा घरं आहेत.”

“सांगू देत की.” तिने ताट त्याच्यासमोर सरकवलं. “त्या बाईंना त्यांच्याच घरात वेडं ठरवायला निघालेत, आणि खरं काय ते एकट्या तुम्हाला माहीत आहे. जेवा आधी. रिकाम्या पोटी माणूस निम्मंच खरं बोलतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो पुन्हा त्या दारात होता. पिशवीत तळहातावर मावेल असा एक लहान स्पीकर होता आणि एक लांब तार.

“आम्ही बोलावलं नव्हतं,” मुलगा म्हणाला.

“नाही. माझंच काम राहिलंय. दोन मिनिटं बसता का? ताई, तुम्हीपण या.”

त्याने बोलायचं ठरवलं होतं बरंच काही. तोंडातून मात्र सरळ निघालं, “काकूंच्या डोक्याला काही झालेलं नाही. आवाज मी बंद केलाय.”

कुणाला काहीच कळलं नाही. मग त्याने टीव्ही पुढे ओढला, तो काडेपेटीएवढा डबा दाखवला, चिकटपट्टी सोलली, नखाने खिट्टी अलीकडे केली. टीव्हीतून एकदम कुणाचं तरी बोलणं खोलीत आलं. बातम्या होत्या. काकूंचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले.

“सात महिने आवाज फक्त काकांच्या हेडफोनला जात होता,” तो म्हणाला. “काकू डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात, हे मी विचारलंच नाही. त्यांनी मालिका ऐकल्याच नाहीत, तर आठवणार कुठून? चूक माझी आहे.”

सुनेने तोंडावर हात ठेवला. “आई, अहो, बोलायचं तरी! मला वाटायचं, बारीक आवाज येत असेल तुम्हाला. मी रोज विचारत होते. गोळ्या काय घेत बसलात?”

“अगं, एकदा टीव्ही चालू ठेवून हे खुर्चीवर चढले होते बल्ब बदलायला, तेव्हा कान टीव्हीला लावून बघितलं. आवाज बारीक नाही, बंदच केलाय, हे कळलं मला तेव्हाच,” काकू म्हणाल्या. “पण त्या आठवड्यात हा दोनदा म्हणाला, आता घरात कसं शांत वाटतंय. तीन वर्षांत पहिल्यांदा याला हसून जेवताना ऐकलं मी. म्हटलं, राहू दे. गोळ्या काय, कडू नव्हत्या.”

मुलगा उभ्याचा बसला. इअरफोनमधून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्याने तो काढून मुठीत धरला. “आणि मी तुला डॉक्टरकडे...” एवढंच म्हणाला.

काका मात्र हेडफोन लावून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. “काय झालं? कुणाचा फोन आलाय?” त्यांनी मोठ्याने विचारलं. सून हसली आणि हसताहसताच तिचे डोळे भरले.

“काकूंना दुसरा हेडफोन देऊ का?” टीव्हीवाल्याने विचारलं. “म्हणजे साहेबांच्या कामाला त्रास नाही.”

“नको रे बाबा. माझे कान झाकलेत तर दारावरची बेल कुणी ऐकायची? कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजायच्या? या घरचे कान मी आहे आणि डोळे हे.”

त्याचीच तयारी करून तो आला होता. खिट्टी पुन्हा पलीकडे सरकवली, या वेळी सगळ्यांना दाखवून आणि काकूंना विचारून. एक्स्ट्रॅक्टरला आवाज बाहेर नेणारं दुसरं भोक होतं. त्यात त्याने लांब तार घातली, ती भिंतीच्या कडेने खुर्चीपर्यंत आणली आणि लहान स्पीकर काकूंच्या उजव्या हाताशी बसवला. आवाजाची चकती त्यांच्या बोटाखाली दिली.

“ही अशी फिरवायची. मोठा, लहान. तुमच्या हातात.”

त्यांनी चकती फिरवून पाहिली. अगदी बारीक ठेवला आवाज, शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल इतका.

“काकू,” तो खाली बसूनच म्हणाला, “माझं चुकलं. फार चुकलं.”

त्यांनी हात पुढे केला. तो त्याच्या खांद्याला लागला, तिथेच राहिला.

“तुम्ही त्या दिवशी विचारलं असतं ना, तर मीच सांगितलं असतं, की बंद ठेवा म्हणून. मुलासाठी कोण देणार नाही?” त्या म्हणाल्या. “पण मग माझ्या वाटचा आवाज मी दिला असता. गेला नसता.”

मुलगा मान खाली घालून जमिनीकडे बघत होता. सुनेने कपाटावरची गोळ्यांची पाकिटं उचलली. “डॉक्टरांनाच विचारते, कशा बंद करायच्या ते,” असं म्हणून ती फोन शोधायला गेली.

अकराला मालिका लागली. काका सावरून बसले. टीव्हीवाल्याच्या खिशात फोन वाजला. वरच्या मजल्यावरचं घर होतं, तिथे त्याला कधीच पोचायला हवं होतं. तो उठू लागला.

“थांबा जरा,” काकू म्हणाल्या. मान कललेली, भुवया जवळ आलेल्या. “हा आवाज नवा आहे. ही कोण? सात महिन्यांत घरं बदललेली दिसतात मालिकेतल्यांची. ह्यांना विचारून उपयोग नाही, ऐकू जायचं नाही त्यांना.”

इतक्या वर्षांत त्याने हजारभर टीव्ही लावले असतील. चित्र आलं, आवाज आला, की तो निघायचा. पडद्यावर पुढे काय होतं ते कधी त्याने पाहिलं नव्हतं.

त्याने फोन बंद केला. पिशवी बाजूला ठेवून तो खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

“तरुण आहे,” तो म्हणाला. “केस मोकळे सोडलेत. दारात उभी आहे, पण आत येत नाहीये.”

“रडतेय?”

त्याने नीट पाहिलं. “नाही अजून. पण डोळे भरलेत.”

“मग बोलू नका आता,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चकती केसभर पुढे फिरवली.