देव उतरलेल्या माणसाला उठवायचं कुणी

राजवर्धनचा फोन आला तेव्हा जोतीराम साताऱ्याच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या गेटवर ड्युटीला होता. सकाळची पाळी नुकतीच आत गेली होती. पुतण्या आधी नुसता रडला. मग म्हणाला, "तात्या, काकी उठंना झालीय."

"उठंना म्हंजे?"

पलीकडं कुणीतरी फोन काढून घेतला आणि सरळ सांगितलं की त्याची बायको तानुबाई गेली.

जोतीरामची वाडी आटपाडीच्या पुढं. विट्याला गाडी बदलावी लागते. तिथं स्टँडवर गावातलाच एक जण भेटला. त्यानं हात जोडले. "नशीबवान बाई रं. बिरोबा अंगात आला आनि तसंच घेऊन गेला." अंगात आल्याचं जोतीरामला तेव्हा कळलं. लग्नानंतर इतक्या यात्रा झाल्या, पण तानुबाईच्या अंगात कधी आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. यात्रेचा दिवस म्हणून तानुबाईनं कडक उपवास धरला होता. शुगरची गोळी मात्र सकाळी घेतली होती. काही झालं तरी गोळी चुकवायची नाही, असं जोतीरामनंच तिला बजावलेलं. दिवस कलताना देवळापुढं ढोल सुरू झाला आणि ती घामानं भिजली. हात थरथरायला लागले. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होती, ते कुणाला कळत नव्हतं. बायकांनी तिच्यावर भंडारा उधळला. थोरली जाऊ, राजवर्धनची आई अर्जुना पाया पडली आणि राजवर्धनच्या घरी पाळणा कधी हलंल ते विचारून घेतलं. तानुबाईनं हात झटकला. त्याचा ज्यानं त्यानं अर्थ लावला. मग ती खाली कोसळली.

देव उतरलेल्या माणसाला त्या गावात उठवत नाहीत. अंगावर घोंगडं टाकतात आणि आपसूक जागं होऊ देतात. हाक मारली तर देव कोपतो म्हणतात. तानुबाईला देवळाच्या पडवीत निजवलं. सकाळी अर्जुना तिच्यासाठी चहा घेऊन गेली तेव्हा ती गार पडली होती.

दहावं झाल्यावर साक्षी भेटायला आली. बौद्धवस्तीतल्या यल्लाप्पा नारळवाल्याची ही मुलगी, सरकारी उपकेंद्रात नर्स. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "मामा, शुगर कमी झाली असणार मामीची. उपाशीपोटी गोळी. तवाच मूठभर साखर तोंडात घातली असती तर..."

"तू हुतीस तिथं?"

"आमच्या अण्णांच्या नारळाच्या गाड्यावर हुते. घाम बघून मला शंका आली. पुढं उभा हुता त्या माणसाला म्हणलं बी. तर म्हणाला, देवाचा घाम हाय त्यो."

"मग?"

"मग काय, मामा? मी आत घुसून मामीच्या तोंडात साखर कोंबली असती आनि देव खरा निघाला असता तर? मला एकटीला न्हाई, सगळ्या वस्तीला ऐकून घ्यावं लागलं असतं."

जोतीराम ओट्यावरनं उठला. त्यानं आत जाऊन चहा टाकला.

नंतर तो एकेकाकडं गेला. भांडायला नाही, विचारायला. राजवर्धन म्हणाला, "काकीचा हात गार लागला हुता, पण आई काय बोलली न्हाई, म्हणून मी बी गप." अर्जुना म्हणाली, "पुजारी हुतं की तिथं, भावजी." आकाराम पुजारी म्हणाला, "बायका निवांत हुत्या. बायांचं बायांना जास्त कळतं का न्हाई?" जवळजवळ सगळ्यांनाच थोडंफार काहीतरी वाटलं होतं. पण प्रत्येकानं शेजारच्याचं तोंड बघितलं होतं. ते शांत दिसलं, म्हणून तोही शांत राहिला.

राग कुणावर धरावा हे जोतीरामला ठरवता येईना. त्याच देवळापुढं त्यानं कित्येक वर्षं ढोल वाजवला होता. त्याच्या ढोलावर बाया पडल्या होत्या, त्यांच्यावर घोंगडी पडली होती. आपण त्या दिवशी असतो तरी ढोल थांबवला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यामुळं त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली. आता घरोघरी शुगरच्या गोळ्या आहेत आणि यात्रेचे उपवासही आहेत. तर ढोल सुरू व्हायच्या आधी पुजाऱ्यानं पायरीवर उभं राहून सांगायचं, की जो पडंल त्याला हाक मारायची आणि साखरपाणी पाजायचं. पुजाऱ्यानं सांगितलं तरच लोक पुढं होतील.

"आनि बिरोबा कोपला तर?" आकाराम म्हणाला.

"बिरोबा धनगराचा देव हाय. मेंढरू आडवं झालं तर आपुन त्याला हलवून बघतो का न्हाई?"

"साताऱ्यात ऱ्हाऊन वकील झालास की रं! बरं, गाव म्हणलं तर सांगतो."

गाव म्हणालं, "चांगलंच हाय की. पुजारी सांगू द्यात, आमचं काय न्हाई." जोतीराम दोन्हीकडं खेटे घालत राहिला आणि पुढची यात्रा आली.

त्यानं ढोल गळ्यात घेतला नाही. साखरपाण्याचा तांब्या घेऊन तो कडेला उभा राहिला.

"तात्या, सरबताचा गाडा टाकला का काय?" पोरं म्हणाली.

आकाराम पायरीवर आला, भंडारा उधळला, काही न बोलता आत गेला. ढोल सुरू झाला. जरा वेळानं अर्जुनाच्या अंगात आलं. तिलाही दरदरून घाम फुटला होता. जोतीरामला वाटलं होतं, आपण लगेच धावू. पण पाय उचलेना. तो आजूबाजूची तोंडं बघत होता. सगळी शांत होती, हात जोडलेले होते. आपण काय करतोय हे ध्यानात आलं तेव्हा तो बायकांतून वाट काढत आत गेला आणि त्यानं तिचा हात धरला. हात ऊन होता.

"वैनी, मी कोण?"

अर्जुनानं एक डोळा उघडला. "मेल्या जोत्या, देवाला वळख इचारतोस?"

गर्दी हसली. आकारामनं ढोलवाल्यांना हातानं चालू ठेवायला सांगितलं.

अर्जुना पडली, पडवीत निजली. जोतीराम शेजारी बसून सारखी हाक मारू लागला. "आवं भावजी, निजू द्या की जरा!" ती करवादली. ती करवादली म्हणून त्याला बरं वाटलं.

एवढ्यात पडवीच्या दुसऱ्या टोकाला परगावची एक म्हातारी आणून निजवली. तिच्यावर घोंगडं टाकून तिची माणसं पुन्हा ढोलाकडं गेली. जोतीराम तांब्या घेऊन उठला. तो पोचायच्या आधी नारळाच्या गाड्यावरून साक्षी आली होती. तिनं म्हातारीचे गाल थोपटले, हाका मारल्या. म्हातारीनं डोळे किलकिले केले. साक्षीनं तांब्या घेतला आणि तिला बसवून घोटघोट पाजलं. म्हातारी म्हणाली, "आनि हाय का गं?" तिची शुगर खरंच कमी झाली होती की नुसती तहान लागली होती, ते कुणी तपासलं नाही.

म्हातारीचा मुलगा धावत आला. "कुणी उठवलं? ए पोरी, तू कोण? तुला कुणी सांगितलं हात लावायला?"

लोक जमले. त्यांतले बरेच जण जोतीरामच्या भावकीतले होते आणि ते त्याच्याकडं बघत होते.

"मी सांगितलं," जोतीराम म्हणाला. "मीच बोलावलं तिला."

त्यानं तिला बोलावलं नव्हतं. मुलगा त्याला काहीबाही बोलला, भावकीतल्या दोघांनी मान हलवली आणि लोक पांगले. साक्षी रिकामा तांब्या त्याच्या हातात देऊन गाड्यावर परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम पुन्हा आकारामकडं गेला. आकारामनं त्याला चहा पाजला आणि गाव काय म्हणतंय ते बघू म्हणाला. दुपारच्या गाडीनं जोतीराम साताऱ्याला गेला. यात्रेत पडलेल्या माणसाला हाक मारून उठवायचं, हे त्या पायरीवरून अजून कुणी सांगितलेलं नाही.