वळणाचं माप

कपाटाचा वरचा कोपरा छताला टेकला, खालचा पाय कठड्याच्या दोन गजांमध्ये घुसला आणि जिन्याच्या वळणावर सगळंच थांबलं. खालच्या बाजूला दोन हमाल, वरच्या बाजूला सुतार, आणि त्याच्याही चार पायऱ्या वर, लेकीला कडेवर घेऊन, ती.

“ताई, माप घेतलं होतं ना?” सुताराने विचारलं.

“घेतलं होतं.”

खोटं नव्हतं ते. घेतलं होतं. दाराचं. तेही दोनदा.

टेपकाकांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं. टेपकाका म्हणजे चौथ्या मजल्यावर, बरोबर तिच्या डोक्यावर, एकटेच राहणारे म्हातारे शिंपी. शिलाई मशीन विकून सहा वर्षं झाली तरी गळ्यातली टेप काही उतरली नव्हती, म्हणून अख्ख्या इमारतीचे ते टेपकाका. त्यांच्या दाराच्या कडीला एक पांढरी दोरी बांधलेली असे आणि तिचं टोक टपालाच्या फटीतून बाहेर सोडलेलं. दोरी ओढली की दार उघडे. कोण उठत बसणार, ते म्हणत. लेकीला ती दोरी ओढायला फार आवडे.

त्या दिवशी ती दारात उभी राहून चौकट मोजत होती, आणि जिना उतरता उतरता ते थांबले.

“दाराचं काय मोजतेस? जिन्याच्या वळणाचं मोज. नुसत्या उभ्या माणसाला कुठलाही सदरा बसतो गं. तो वळला, हात वर केला, की काखेत उसवतो.”

“हो काका, मोजते,” ती म्हणाली होती, आणि ते तळमजल्यावर पोचायच्या आत विसरूनही गेली होती. ते रोजच काहीतरी सांगत. गॅलरीत स्टूल ठेवू नकोस. पोरीच्या फ्रॉकला गळ्याशी नाडी नको. पायपुसणं सरकतंय, खाली रबर लाव. लेकीच्या बाबतीतलं ती मुकाट ऐके, बाकीचं कानाआड करी.

काळजी करण्यात तीही काही कमी नव्हती. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने स्पंज चिकटवला होता. लेक झोपली की भर दुपारीसुद्धा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघे. पण ती सगळी काळजी त्या तीन फुटांच्या जिवाभोवती फिरायची. तिथून बाहेर पडायला तिला वाटच सापडत नसे.

“उचल तुझ्याकडून,” खालचा हमाल ओरडला.

“माझ्याकडून काय उचलू? माझ्याकडे भिंत आहे,” वरून सुतार म्हणाला.

“मग सोड थोडं.”

“सोडलं तर तुझ्या डोक्यावर येईल.”

“मग नको सोडूस.”

तासाभरात सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तिरपं करून झालं, आडवं करून झालं, कठड्यावर पोतं टाकून सरकवून झालं. मधे एकदा कपाट बोटभर हललं आणि सगळे “हां हां हां” करत असताना पहिल्यापेक्षा घट्ट बसलं. त्यावर हमालांनी हात झटकले. उचलायचं काम आमचं, अडकलेलं काढायचं काम मिस्त्रींचं, असं म्हणून ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

सुताराने कपाटाच्या अंगावर बोटांनी टकटक केलं, कुठे चीर आहे का पाहिलं, आणि वैतागायचं सोडून तो खूशच झाला.

“अस्सल सागवान. एक स्क्रू नाही की खिळा नाही, सगळे सांधे खोबणीचे. हे ज्याने केलं ना ताई, त्याने खोलीत बसून केलं. हे कधी बाहेर न्यायचंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार.”

“मग आता?”

“एक पाय आणि वरची महिरप कापली तर अर्ध्या तासात सुटेल.”

“करवत लावायची नाही.”

“ताई—”

“आईचं आहे.”

आईने शेवटपर्यंत त्या कपाटाला साधं हूक ठोकू दिलं नव्हतं. दुसऱ्या गावातलं आईचं तळमजल्यावरचं घर आता भाऊ रिकामं करत होता. भांडी वाटून झाली, पलंग कुणाला तरी देऊन झाला. कपाट मात्र मला हवं, असं ती हट्टाने म्हणाली होती.

कामासाठी बाहेरगावी गेलेल्या नवऱ्याला तिने फोन लावला.

“कापून टाक ना मग,” तो म्हणाला.

“तुझ्या आईचं असतं तर?”

“माझ्या आईचं असतं तर तू मला जिना मोजायला लावला असतास.”

तिने फोन ठेवून दिला.

सुतार आपल्या ओळखीच्या दोघांना मदतीला बोलावून त्यांची वाट बघत पायरीवर बसला. कपाटाखाली कठड्यालगत एक तिरका बोगदा उरला होता. ज्यांना जायचं-यायचं होतं ते त्यातून रांगत जाऊ लागले. पाचव्या मजल्यावरचे बँकेतले साहेब आधी बॅग पुढे सरकवत, मग चष्मा हातात धरून, मग एकदाचे स्वतः बाहेर आले.

“काका बाळ झाले!” लेकीने टाळ्या पिटल्या.

“झालो बाई,” साहेब गुडघे झटकत म्हणाले. “तुझ्या आईच्या कृपेने.”

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खालून कपाट न्याहाळत उभ्या राहिल्या.

“वर यायचंय का वहिनी?” तिने ओशाळून विचारलं.

“छे गं. मी नुसती बघायला आलेय.”

कुणी टोमणा मारी, कुणी सल्ला देई. ती सगळ्यांची माफी मागत होती, पण तिचा कान होता वरच्या जिन्याकडे. टेपकाका अकराला फिरायला उतरत. उतरले की वळणावर थांबणार, गळ्यातली टेप काढणार, कपाटाला लावणार, मग भिंतीला लावणार, आणि एवढ्या सगळ्यांदेखत विचारणार, काय सांगितलं होतं मी? त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर ती मनात घोळवत होती. आधी जरा हसायचं. मग म्हणायचं, चुकलं काका.

अकरा वाजून गेले. बारा वाजले. लेकीला भरवून झालं, तिची झोप झाली, साडेतीन झाले. सुताराची माणसं अजून आली नव्हती.

“कुणाची वाट बघताय का?” तिची मान तिसऱ्यांदा वर वळली तेव्हा सुताराने विचारलं.

“नाही हो. आमचे एक काका आहेत वर. येऊन ऐकवतील म्हणून घाबरून बसलेय. नाही आले, बरं झालं.”

बोलून गेली आणि तिचा हात कठड्यावरच थबकला.

असं ती आधीही एकदा म्हणाली होती. आईचा रोज सकाळी फोन यायचा, आणि फोन म्हणजे सूचना. दूध उकळून घे, दाराला आतून कडी घाल, पोरीला पंख्याखाली ठेवू नकोस. मग एकदा दोन दिवस फोन आला नाही. घरात कामाचा ढीग होता. आज सूचना नाहीत, बरं झालं, असं ती नवऱ्याला हसत म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी भावाने शेजाऱ्यांकडून दार तोडून घेतलं.

सकाळपासून अख्खी इमारत इथे येऊन बोलून गेली होती. ज्याला बोलायचा खरा हक्क होता, तो एकटाच आला नव्हता.

तिने लेकीला उचललं आणि एकेक पायरी गाळत वर गेली.

दाराबाहेर पांढरी दोरी लोंबत होती. हाक मारली, उत्तर नाही. लेकीने सवयीने दोरी ओढली. दार उघडलं.

खुर्ची उलटी पडली होती. टेपकाका तिच्या पलीकडे जमिनीवर होते, कुशीवर, एक पाय पाहवणार नाही असा वळलेला. टेप गळ्यातच होती. तिने लेकीला खाली ठेवलं, हात सोडला, आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसून तिने त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

बोटाला ऊब लागली.

टेपकाकांनी डोळे उघडले.

“अडकलं ना?” ते म्हणाले. आवाज अगदी सुकलेला.

“अडकलं, काका.”

“कुठे?”

“वळणावर.”

त्यांनी डोळे मिटले. एवढ्या वेदनेतही ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला.

“धडाधड आवाज आला सकाळी. म्हटलं, उतरून सांगावं, असं नाही, तसं धरा. घाईने उठलो.” ते दम खायला थांबले. “हाका मारल्या गं मी. पण तुमचं खाली उचल-सोड, उचल-सोड. मग घसाच सुकला.”

वाटीतून चमच्याने त्यांच्या ओठांना तिने पाणी लावलं. उशी मानेखाली सरकवली. दवाखान्याची गाडी बोलावली, पत्ता दोनदा सांगितला. पलीकडच्या आवाजाने विचारलं, लिफ्ट आहे का? नाही. मग जिना मोकळा आहे ना?

ती जिन्याच्या तोंडाशी आली आणि कठड्यावरून वाकली.

“मिस्त्री!”

“काय ताई?”

“करवत आहे ना?”

“आहे. पण तुम्हीच तर—”

“कापा.”

सुताराने पिशवीतून करवत काढली. “पाय कापू की महिरप?”

“ते तुमचं तुम्ही बघा. खुर्चीत बसवलेला माणूस घेऊन दोघंजण वळतील, एवढं कापा.”

आतून टेपकाकांचा क्षीण आवाज आला. लेक दारात उभी राहून ऐकत होती, तिने तो जमेल तसा पुढे पोचवला.

“आजोबा म्हणतात, दोन बोटं जास्त!”

“शिवणीला,” आतून आवाज आला.

“शिवणीला!” लेक ओरडली.

करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा ती टेपकाकांचा हात धरून बसली होती. जुनं लाकूड कुरकुरतं तसं ते कुरकुरलं, आणि मग सरळ कापत गेलं. तिने कान झाकले नाहीत.

कपाट आता तिच्या घरात आहे. तीन पाय त्याचे, चौथ्याच्या जागी दोन विटा. महिरप नाही, उजवी बाजू वरपासून तासलेली, आणि त्यात काय कमी-जास्त ठेवायचं याची सूचना द्यायला टेपकाका काठी टेकत अधूनमधून खाली येतात. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शिवण वाकडी आली आहे, एवढंच म्हणाले. ती वाट बघत उभी राहिली.

“बोला ना काका एकदाचं.”

“काय बोलायचं?”

“सांगितलं होतं म्हणून.”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले, आणि तिने चहा टाकला.

नवीन माणूस घरी आलं की आधी त्या कपाटाकडे बघतं. एवढं चांगलं लाकूड, असं कुणी कापलं? ती म्हणते, मी. पुढचं सगळं सांगत बसत नाही. समोरच्याला नीट बसवते आणि उलट त्यालाच विचारते, अगदी तुम्हालाही विचारेल:

“तुमच्याकडे आहे का हो कुणी, नको म्हटलं तरी रोज काहीतरी सांगणारं? आज काही बोलले का ते? नसतील बोलले, तर चहा राहू द्या. आधी बघून या.”