सारजाबाईचे दोन तांबे

मी एक जुना पाण्याचा कॅन आहे, मित्रांनो, आणि आज पालथा आहे. वीस लिटरचा, पांढऱ्या प्लास्टिकचा, खाली निळी तोटी. अंगावर लाल अक्षरांत 'शुद्ध पाणी' असं लिहिलेलं होतं. ती अक्षरं आता पुसट झाली आहेत. झाली तेच बरं झालं, कारण ती वाचायची मला लाज वाटते.

नांदूरघाटच्या बाजूला साखर कारखान्याच्या संस्थेचं एक कॉलेज आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी नवाकोरा आलो. माझ्या पोटात साधं पाणी कधीच नसे. पाण्याची वाफ करायची, ती पुन्हा थंड करायची आणि क्षार, माती सगळं मागे राहिलं की उरेल ते पाणी माझं. प्यायला बेचव, पण प्रयोगाला तेच लागतं. मला त्याचा भारी तोरा होता. कोपऱ्यातल्या हात धुण्याच्या बादलीकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

प्रयोगशाळा मंजुळा मॅडमची. आष्टीकडच्या ऊसतोड कुटुंबात वाढलेल्या, शिकून डॉक्टरेट मिळवलेल्या बाई. त्या कॅन्सरवरचं औषध शोधत होत्या. ते काम त्या मुलांना असं समजावून सांगत: "आपल्या शरीरात विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात, ऊसतोडीच्या टोळीसारखी. एक तोडतो, एक मोळी बांधतो, एक गाडी भरतो. कॅन्सरमध्ये त्यातला एखादा पिसाळतो, थांबायचं नावच घेत नाही. औषधानं फक्त त्याचाच हात धरायचा. सगळ्या टोळीचे हात बांधले तर माणूसच मरेल."

त्यांनी दोन विकरं निवडली होती, दिसायला सख्खे भाऊ. शहाण्याला त्या थोरला म्हणत आणि पिसाळलेल्याला धाकटा. विकर काम करू लागलं की नळीतलं पाणी पिवळं व्हायचं. काम थांबलं की पाणी पांढरंच राहायचं. रानातल्या एकेका पाल्याचा अर्क घालून त्या बघत, थोरला पिवळा आणि धाकटा पांढरा कधी होतो. सत्तावीस पाले झाले, पण दोघेही पिवळेच.

मग दोन हजार सोळाचा दुष्काळी उन्हाळा आला. ऊसच नव्हता, म्हणून कारखाना बंद. वाफेचं पाणी करणारं आमचं यंत्रही बंद, कारण एक लिटर पाणी थंड करायला ते कितीतरी लिटर सांडून टाकतं. माझं पाणी मग मंगळवारच्या एस.टी.नं बीडहून येऊ लागलं. एक कॅन, एक आठवडा. मॅडम थेंब थेंब जपून वापरत. खरं तर रोज अर्क न घालता, नुसत्या पाण्याची एक नळी करून बघायची असते. पाणी वाचावं म्हणून त्या ती फक्त मंगळवारी करत आणि तोच निकाल आठवडाभर धरून चालत. थोरल्याची पाळी मंगळवारी, धाकट्याची शुक्रवारी.

झाडलोट आणि काचा धुण्याचं काम सारजाबाईकडे होतं. तिच्या वस्तीवर चौथ्या दिवशी टँकर येई. एका गुरुवारी संध्याकाळी झाडता झाडता तिनं मला हलवून पाहिलं. तळाला जेमतेम पेलाभर पाणी होतं.

"अगं बया, रिकामा व्हायला आला," ती स्वतःशीच म्हणाली. "पान्याचं भांडं रिकामं ऱ्हाऊ न्हाई. तेबी असल्या सालात."

तिच्या घरात लग्न होऊन आल्यापासून घागर कधी कोरडी राहिली नव्हती. सासूनं शिकवलं होतं, रिकाम्या घागरीनं घराची बरकत जाते. तिनं आपल्या वाट्याच्या पाण्यातले दोन तांबे आणले, टोपण उघडलं आणि माझ्यात ओतले. पाणी नितळ होतं. त्यात तिनं तुरटी फिरवली होती, पदरानं दोनदा गाळलं होतं. दिवसभर ओठ सुकवून वाचवलेलं पाणी होतं ते.

मला पहिल्याच घोटाला कळलं, मित्रांनो. हे माझं पाणी नव्हे. पण वरून अक्षरं तीच होती, आणि मी भरलेला दिसत होतो. भरलेलं दिसणं मला आवडलं. खरं सांगतो, मला आवडलं.

शुक्रवारी मॅडमनी तोटी सोडली. "अरे वा, उरलं की! काटकसर जमली म्हणायची." त्यांनी बांधावरच्या दगडीपाल्याचा अर्क घेतला. मंगळवारी त्याच अर्कानं थोरला पिवळाधमक झाला होता. आज धाकटा पांढरा राहिला.

पुढच्या गुरुवारी सारजाबाईचे दोन तांबे, पुढच्या शुक्रवारी धाकटा पांढरा. तिसऱ्या आठवड्यात तेच. मॅडम खुर्चीवर बसून रडल्या. हा आनंद मी त्यांना दिला, असं मला वाटलं. काय म्हणावं माझ्या बुद्धीला!

बातमी कारखान्याच्या चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. बबनराव म्हणजे हौशी माणूस. कारखान्यात ऊस टाकायच्या, बंद पडलेल्या गव्हाणीपुढे मंडप टाकून त्यांनी सत्कार केला. "अजून चाचण्या व्हायच्या आहेत, हे फक्त नळीतलं आहे," असं मॅडम दोनदा म्हणाल्या. पण पेपरात छापून आलं, 'बांधावरच्या पाल्यात कॅन्सरची दवा.' त्या दिवशी सारजाबाईनं माझ्या टोपणावर झेंडूचं फूल ठेवलं. मी ते आठ दिवस मिरवलं.

आता जिच्यापुढे मला सर्वांत जास्त लाज वाटते, तिच्याकडे येतो. सारजाबाईची थोरली बहीण भिवराबाई, नेकनूरची. आयुष्यभर तंबाखूची मिसरी लावलेली. तिच्या गालात आतून कॅन्सरची गाठ झाली होती. बार्शीच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली होती. बातमी ऐकली आणि तिनं ती तारीख जाऊ दिली. तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, ती आमच्या पायरीवर येऊन बसली. गाल सुजलेला, पदर तोंडाशी.

"घरचीच दवा निघालीया, मंग गाल कावून कापून घ्यायचा?" ती म्हणाली.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, ही दवा नाही अजून. दहा-पंधरा वर्षं लागतील. तुम्ही उद्याच्या उद्या बार्शीला जा."

"लपवू नगा मॅडम. आमी गरीब हाव म्हून का?"

"लपवत नाही. या आत, डोळ्यांनी बघा."

त्यांनी दोन नळ्या मांडल्या, दोन्हींत धाकटा. "ह्या नळीत पाला घातलाय. ही पांढरी राहील. ह्या दुसऱ्या नळीत पाला नाही, नुसतं पाणी. ही पिवळी होईल. बस, एवढंच आमच्या हाती लागलंय."

तिघीजणी बघत राहिल्या. पाल्याची नळी पांढरी राहिली. बिनपाल्याची नळीही पांढरीच राहिली.

मॅडमनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली. "सारजाबाई, ह्या कॅनला कोणी हात लावला होता?"

"म्याच लावते की," सारजाबाई सरळ म्हणाली. "गुरवारी रिकामा व्हतो. दोन तांबे वतते माझ्या घागरीतले. साधं न्हाई मॅडम, तुरटी फिरवून, गाळून."

मॅडमना सगळा उलगडा झाला. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात, म्हणजे टँकरच्याही, फ्लोराइड असतं. त्यानंच इथल्या मुलांचे दात तपकिरी होतात. तुरटी आणि फ्लोराइड एकत्र आली की असं विकर जागच्या जागी थांबतं. थोरल्याच्या मंगळवारी माझ्यात बीडचं पाणी असे, धाकट्याच्या शुक्रवारी सारजाबाईचं. पाल्यानं काहीच केलं नव्हतं. सगळं माझ्या पोटातून गेलं होतं.

सारजाबाईला विज्ञान कळलं नाही, पण बहिणीचा गाल कळला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आक्का, म्या मारलं ग तुला. माझ्या पान्यानं मारलं."

"तुमचं नाही, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "रोज नुसत्या पाण्याची नळी करायची असते. मी नाही केली."

दोघी आपापली चूक कबूल करत होत्या. तिसरा मी, ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तो 'शुद्ध पाणी' लिहून गप्प बसलो होतो.

मॅडमनी तिथूनच बबनरावांना फोन लावला. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "मॅडम, सत्कार झालाय. आता कावून संस्थेची इज्जत घालवता? दोन-चार महिने गप ऱ्हावा, लोक इसरतेत."

"साहेब, लोक विसरतील. पण पायरीवर एक बाई बसलीय, ती नाही विसरणार. आणखी किती घरी बसल्यात, कोणाला माहीत?"

त्यांनी पेपरला स्वतःच्या सहीनं लिहून दिलं की निकाल चुकीचा होता, कोणीही उपचार थांबवू नयेत. भिवराबाईला स्वतः एस.टी.नं बार्शीला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आल्या असतात तर गालावर भागलं असतं. आता अर्धा जबडाही काढावा लागला. जीव मात्र राहिला.

मॅडम अजून शोधतातच. एक्केचाळीस पाले झाले. आता नुसत्या पाण्याची नळी रोज होते, पाणी कमी असलं तरी. पाणी नसेल त्या दिवशी प्रयोग होत नाही.

आणि मी? त्या शनिवारी सारजाबाईनं मला झटकून रिकामं केलं आणि पालथं घातलं; जिनं जन्मात भांडं कोरडं ठेवलं नव्हतं, तिनं. तेव्हापासून पाणी संपलं की ती हेच करते.

वर्षभरानं भिवराबाई आली. बोलणं जड झालेलं, एक बाजू आत गेलेली. माझ्यापुढे उभी राहून तिनं विचारलं, "ह्योच का त्यो?"

सारजाबाईनं मान हलवली. मला वाटलं, आता लाथ बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं.

भिवराबाईनं माझ्या पालथ्या बुडावर हात ठेवला आणि एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाली, "असाच ऱ्हाऊ दे त्येला. पानी न्हाई, तर न्हाई म्हनावं."

मित्रांनो, मी दुसरं काही मागत नाही. मला घासा, पुसा, सावलीत ठेवा. पण चांगलं पाणी नसेल त्या दिवशी माझी कीव करून मला भरू नका. मला पालथंच राहू द्या.