बदलीचा नग

समुद्राशी माझी ओळख सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकात झाली आणि तिथंच संपली. नकाशात तो फिकट निळा होता आणि त्याच्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. पुढं लग्न, लाँड्रीचं काम आणि मुंगीचा जन्म या सगळ्यात त्याची कधी गरज पडली नाही. त्यामुळे कंपनीच्या सोडतीत यांचं नाव निघालं आणि आम्हा तिघांना बेटावरच्या हॉटेलात चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा हे घरभर शीळ घालत फिरले आणि मी विचारलं, हे बक्षीस परत देता येतं का.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोखंडी दोरावर लोंबकळणारा माणूस, त्याला भीती कशी कळणार? मला मात्र सगळं दिसायचं. पाच तासांची बस, मग बोट, बोटीचा ओला कठडा, गर्दी, आणि त्या गर्दीत मुंगीचा सुटलेला हात. बाकी सगळी भीती पुसट असायची, पण हात सुटायचा तो मला हाताला जाणवायचा. मुंगी पाच वर्षांची. रांगायला लागल्यापासून घरात कुठंही साखरेचा कण सांडला तरी ही तिथं हजर, म्हणून हे नाव. चालताना ती माझा हात धरत नाही, फक्त दोन बोटं धरते, आणि दोन बोटं सुटायला कितीसा वेळ लागतो.

"लोक समुद्र बघायला जीव टाकतात, आणि तू बघायच्या आधीच बुडालीस," हे म्हणाले. मी कपड्यांना नंबर शिवत होते.

ते माझं कामच आहे. लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, त्यांच्या कोपऱ्यात मी घरी बसून लाल दोऱ्यानं नंबर शिवते. गाडीवाला दुपारी गठ्ठा आणून टाकतो, मी मोजून घेते आणि दुसऱ्या दिवशी मोजून देते. मोजणी एकदा सुरू केली की मध्ये कुणाशी बोलायचं नाही. तुटली तर पुन्हा एकपासून, नाहीतर एक नग कमी भरतोच, हे आमच्यात कुणालाही विचारा. आणि कमी भरलाच, तर लाँड्रीतल्या मोठ्या बाई कपाटातून तशीच, त्याच मापाची चादर काढून देतात, तिच्यावर मी हरवलेलीचा नंबर शिवते आणि ती गठ्ठ्यात घालते. तिला आम्ही बदलीचा नग म्हणतो. आजवर एकाही हॉटेलाला फरक कळलेला नाही. पुढं कधी हरवलेली चादर सापडली, तर बदलीचा नंबर उसवायचा आणि तिची फडकी करायची. उसवताना मुंगी समोर बसून कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी ताणून धरते, म्हणजे ब्लेड फिरवताना कापड सुरकुतत नाही. तेवढं काम तिचं.

तर त्या दिवशी मी आमच्याच कपड्यांना नंबर शिवले. यांना एक, मला दोन, मुंगीच्या सगळ्या फ्रॉकांच्या कॉलरला आतून तीन.

"मला एक नंबर दिलास ते बरं केलंस," हे म्हणाले. "घरात नाही, निदान सदऱ्यात तरी."

माझी झोप उडाली, जेवण सुटलं, तेव्हा वन्सं एका रविवारी आल्या. या माझ्या नणंदबाई दवाखान्यात नर्स आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात, आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी माझी नाडी बघितली, जीभ बघितली आणि हसल्या.

"वहिनी, तुम्हाला प्रवासाचं काही झालेलं नाही. न केलेल्या प्रवासाचं झालंय. आम्ही ऑपरेशनच्या आधी पेशंटला एक सांगतो, ते तुम्ही करा. रोज दुपारी मुंगी झोपली की डोळे मिटून बसा आणि सगळा प्रवास मनात करून या. घराला कुलूप लावा, बसमध्ये बसा, बोटीत बसा, वाळूवर जरा वेळ थांबा, आणि तसंच पायरी न पायरी परत या. कुलूप उघडून घरात शिरलात की मग डोळे उघडा."

"आणि मध्येच उघडले तर?"

"तर काय, केलेलं वाया जाईल. अर्ध्यात सोडायचं नाही एवढंच."

हे मला चटकन पटलं, कारण आमच्या मोजणीसारखंच होतं.

पहिल्या दिवशी मी जेमतेम परत आले. दुसऱ्या दिवशी बोटीचा कठडा धरून उभी राहू शकले. तिसऱ्या दिवशी किनारा नीट दिसला. पालथी घातलेली एक निळी होडी, पलीकडं नारळाची तीन झाडं, त्यांतलं मधलं वाकलेलं, आणि पाण्याच्या कडेला मुंगी आमच्या स्वयंपाकघरातल्या दांडा तुटलेल्या लाल कपानं वाळूत खड्डा करत बसलेली. घरी आल्यावर मी कुलूप उघडलं, तिला पलंगावर झोपवलं आणि डोळे उघडले, तर ती समोर पलंगावर झोपलेलीच होती. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

चौथ्या दिवशी मी वाळूवर होते आणि दारावरची घंटा वाजली.

किती साधी गोष्ट. गाडीवाला रोजच्यापेक्षा तासभर आधी आला होता, आणि घंटा वाजली की उठायचं हे हातापायांत मुरलेलं असतं. मी दार उघडलं.

"बाई, आज चोवीस आहेत. मोजून घ्या, मागनं माझ्या नावानं ओरडू नका."

मी मोजायला बसले. अकराव्या चादरीला हात थांबला आणि तेव्हा लक्षात आलं की मी परत आलेच नव्हते. म्हणजे मी आले होते, माझ्या हातात चादर होती. मुंगीला घेऊन आले नव्हते.

मी आतल्या खोलीत गेले. ती उठून बसली होती, भिंतीकडं तोंड करून. हाक मारल्यावर वळली, हसली आणि म्हणाली, "झाली मोजून?"

यात वाईट काहीच नव्हतं. पुढच्या आठवडाभरात जे जे झालं त्यातही वाईट काही नव्हतं, म्हणून तर कुणाला सांगता येईना. दिलेलं दूध ती न सांगता प्यायली. केस विंचरताना रडली नाही. साखरेचा डबा मी मुद्दाम उघडा ठेवला, त्याला खऱ्या मुंग्या लागल्या, पण ही तिकडं फिरकली नाही. दुकानात जाताना तिनं माझी दोन बोटं धरली नाहीत, सगळा हात धरला, तळव्याला तळवा लावून, शहाण्या मुली धरतात तसा. आणि दांडा तुटलेला लाल कप घरात नव्हता. मी सगळी मांडणी खाली काढली, सिंकच्या मागं हात घालून बघितलं. कप नव्हता.

मी रोज दुपारी पुन्हा जायचे. आता घराला कुलूप लावताना आम्ही दोघंच असायचो, बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असायची, आणि किनाऱ्यावर पोचले की ती तिथं आधीच बसलेली असायची, पाठमोरी. मी हाक मारायचे. ती वळायची नाही, नुसता कप वर करून दाखवायची, थांब गं, झालंच, असा. मी तिच्याकडं चालत राहायचे आणि मधली वाळू सरायची नाही, मग बोटीची शिट्टी व्हायची. पुन्हा अर्ध्यात डोळे उघडायची माझी छाती नव्हती. म्हणून मी बोटीत बसायचे, बसमध्ये बसायचे, कुलूप उघडायचे आणि रिकाम्या हातानं घरात यायचे. असं पाच वेळा. दर वेळी खड्डा खोल झालेला असायचा आणि पाणी थोडं अलीकडं आलेलं असायचं.

"अहो," मी यांना शेवटी विचारलं, "ही आपली मुंगी आहे ना?"

यांनी पेपर खाली केला. समोर ती जमिनीवर बसून लाल दोऱ्याचे तुकडे सरळ करून एकाशेजारी एक मांडत होती. "नाक माझं, जिद्द तुझी. अजून कसला दाखला हवाय?"

"जिद्दच तर राहिली नाहीये तिची."

"मग देवाचे आभार मान," असं म्हणून यांनी पेपर पुन्हा वर केला.

वन्संनी ताप बघितला, घसा बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली. "पोर एवढी गुणाची झाली आणि तुम्ही रडताय, वहिनी. काय म्हणावं तुम्हाला." जाताना त्यांनी मुंगीचा गालगुच्चा घेतला आणि किंचित थांबल्यासारख्या झाल्या.

आता मला जायचंच होतं. हे चकित झाले. मी दोन दिवस आधी बॅगा भरल्या, तिकिटं पर्समध्ये ठेवली आणि निघायच्या दिवशी सगळ्यात आधी दाराशी उभी राहिले. भीती गेली नव्हती, पण भिऊन घरी बसायची सोय राहिली नव्हती. माझी मुलगी पाण्याच्या कडेला एकटी बसली होती. आणि माझा हात तळव्याला तळवा लावून कुणीतरी घट्ट धरला होता, त्या हाताचं काय करायचं तेही मला कळत नव्हतं, कारण तो हात गरम होता, त्याला बसच्या खिडकीतून वारा लागला की तो माझ्या पदराखाली यायचा.

बस मी बघितली होती तशी नव्हती. बोट तर अगदीच वेगळी, तिला कठडा नव्हता, जाळी होती. मला जरा बरं वाटलं, वाटलं की सगळं माझ्या डोक्यातलंच असेल. मग आम्ही हॉटेलच्या मागच्या दारानं किनाऱ्यावर आलो. निळी होडी पालथी पडली होती. पलीकडं नारळाची तीन झाडं होती, मधलं वाकलेलं.

पाण्याच्या कडेला कुणीही नव्हतं. वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट होती.

"खेळ की गं, मुंगे," हे म्हणाले. ती माझ्या हाताला चिकटून उभी राहिली. शेवटी हे बॅगा खोलीत टाकायला गेले, आणि आम्ही दोघी होडीच्या सावलीत बसलो. ऊन पांढरं होतं. लांबवर एक माणूस खुर्च्या मोजून रचत होता.

तेव्हा मला सुचलं. इतके दिवस मी घरून निघत होते, म्हणून पोचत नव्हते. आता जायचं नव्हतंच, मी इथंच होते. फक्त परत जायचं राहिलं होतं, घंटेनं तोडलं तिथपासून पुढचं.

मी डोळे मिटणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"मध्ये उघडू नकोस," ती म्हणाली. "मी कुणाला हाक मारू देणार नाही."

मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला जमलं नसतं. मी डोळे मिटले, आणि मुंगी माझ्यापासून दहा पावलांवर होती. वाळू सरली. ती छातीइतक्या खड्ड्यात उभी होती आणि पाणी कडेवरून आत पाझरत होतं. तिनं वर बघितलं आणि रागावून म्हणाली, "किती वेळ गं." मी तिला वर ओढलं. तिनं माझी दोन बोटं धरली. आम्ही बोटीत बसलो, बसमध्ये बसलो, ती माझ्या मांडीवर झोपली, कप तिनं सोडला नाही. मी कुलूप उघडलं. तिला पलंगावर ठेवलं, पायांची वाळू तशीच राहिली, ती सकाळी पुसू असं म्हणाले, आणि दार ओढून डोळे उघडले.

ऊन तसंच होतं. लांबच्या माणसाच्या खुर्च्या रचून झाल्या होत्या. पर्समध्ये फोन वाजत होता.

"वहिनी," वन्सं हळू आवाजात बोलत होत्या, कुणाला तरी उठवायचं नसल्यासारख्या. "मी झाडांना पाणी घालायला आले. तुम्ही मुंगीला नेलं नाहीत का? इथं झोपलीय पलंगावर. पाय वाळूनं भरलेत. आणि तो तुमचा फुटका लाल कप उशाशी घेतलाय. वहिनी? दादा आहे का तिथं? द्या जरा त्याला."

मी फोन मांडीवर ठेवला. त्यातून वन्संचा आवाज बारीक येत राहिला.

शेजारी ती आज्ञाधारकपणे माझ्याकडं पाठ करून बसली होती. वाऱ्यानं येणारे केस तिनं स्वतःच बाजूला केले होते आणि फ्रॉकची कॉलर उलटून, तीन नंबरच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून, कापड सुरकुतू नये म्हणून नीट ताणून धरलं होतं.

"उसव," ती म्हणाली. "मी हलणार नाही."