पट्टीबाहेरचे दोन ठिपके

प्रयोगशाळेत सरांना सगळे मागून ‘पट्टी’ म्हणत. कोणताही आलेख समोर आला की ते आधी त्यावर पारदर्शक पट्टी ठेवत आणि मग विचार करत. दुसरी पायरी बहुतेक वेळा राहूनच जाई.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी ती चार वर्षं प्रोलीन या अमिनो आम्लाच्या ताठ कड्यांच्या साखळ्या बनवत होती. साखळीच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा रेणू, दुसऱ्या टोकाला घेणारा. मधली साखळी म्हणजे पूल. प्रकाशाचा झोत मारायचा आणि इलेक्ट्रॉन किती वेगात पलीकडे पोचतो ते मोजायचं. एकेक कडी वाढवली की वेग कित्येक पटींनी पडे आणि आलेखावरचे ठिपके सरळ रेषेत खाली उतरत. सर खूश. पण सगळ्यांत लांब दोन पुलांवर वेग पडायचा जवळजवळ थांबला. ते दोन ठिपके पट्टी सोडून वरच राहिले.

“नमुन्यात घाण आहे,” सर म्हणाले. “काढून टाक, बाळ.”

नाचता येईना अंगण वाकडं! तिने दोन्ही पूल नव्याने बांधले, शुद्ध केले, पुन्हा मोजले. ठिपके तिथेच. याचं कारण तिला दिसत होतं: एवढं अंतर इलेक्ट्रॉन एका झेपेत पार करत नाही, मधल्या कड्यांवर टेकत टेकत जातो, आणि टेकत जाणाऱ्याला लांबीचा जाच कमी. इतर ठिकाणी लोकांना असं दिसलंही होतं. पण ते माहीत व्हायला वाचावं लागतं, आणि सरांनी शेवटचा शोधनिबंध वाचला तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.

“प्रबंधावर सही हवीय ना? मग ते दोन ठिपके नकोत,” सर म्हणाले.

तिला त्यांचा राग आला नाही. राग यावा एवढं त्या माणसात काही उरलं नव्हतं. तिला किळस आली.

पुढच्या आठवड्यात काम पाहायला बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या. सभागृहात तिचं काम सरांनी स्वतःच मांडलं, ‘मी केलं, मी मोजलं’ करत, आणि लांबचे दोन ठिपके वगळून.

“याहून लांब पूल नाही केले?” बाईंनी विचारलं.

“गरजच नाही पडली,” सर म्हणाले.

“केलेत,” ती मागच्या रांगेतून म्हणाली. सही गेली, हे तिला बोलता बोलताच कळलं. “दोन केलेत. तिथे रेषा सपाट होते.”

बाई सरसावून बसल्या. “अरे वा! हे तर आधी सांगायला हवं होतं.”

तो ‘वा’ ऐकताच सरांचा चेहरा उजळला. “तेच तर मी शेवटी सांगणार होतो! पहिल्यापासून म्हणतोय मी हिला, हे ठिपके जप.”

आयत्या बिळावर नागोबा, तोही फणा काढून.

“छान. मग एक सांगा,” बाई त्यांना म्हणाल्या. “इलेक्ट्रॉन पुलावरूनच गेला कशावरून? द्रावण दाट असेल तर तो शेजारच्या रेणूवरही उडी मारेल. वेग न पडायला तेवढं पुरे.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “सांग गं, बाळ.”

“तुम्हीच सांगा ना, सर. पहिल्यापासून तुमच्याच तर लक्षात आलंय.”

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, मग विनाकारण चष्माही पुसला. “खरं सांगायचं तर,” ते म्हणाले, “नमुन्यात घाण असावी. मी हिला ते काढूनच टाकायला सांगितलं होतं.”

हसलं कोणीच नाही. बाईंनी समोरची आपली वही मिटली आणि मागच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही या पुढे.”

ती फळ्यापाशी गेली. सर अजून वाटेतच उभे होते.

“जरा बाजूला होता का?” ती म्हणाली, आणि ते झाले.

“द्रावण शंभरपट पातळ करून पाहिलंय,” तिने सुरुवात केली. “शेजारी लांब गेले, तरी वेग तोच राहिला.”

सहीसाठी त्यांच्याच दारात जावं लागणार होतं. पण आता नाही म्हणायचं तर त्यांना चारचौघांत कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.